जसा सापडला तसा

१४ मार्च

प्रति,
विभागप्रमुख, मज्जातंतू विभाग

महोदय,

मंगळवार, १२ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. वेळ आपल्या दालनातल्या भिंतीवरच्या घड्याळावरून घेतली आहे. ते घड्याळ चार मिनिटं पुढे आहे, तेवढी मी वजा केली आहेत.

त्या मिनिटाला आपण माझ्या डोक्यावरून माझ्या भाच्याशी बोललात. अक्षरशः डोक्यावरून, कारण मी खुर्चीत होते आणि तो मागे उभा होता. आपण म्हणालात, "आत्याला काही झालेलं नाही. सगळं डोक्यातलं आहे. एकटी राहते ना, मग होतं असं." मी तिथेच होते. बहिरी नाही. माझ्या वतीने भाच्याने मान डोलावली. मग आपण केसपेपरवर लिहिलंत, "शारीरिक आजार नाही. स्वभाव चिंताग्रस्त. एकटीने राहणे हितावह नाही." खाली सही ठोकलीत आणि माझ्या पाठीवर थाप मारलीत. त्या थापेने माझी पाठ कशी लाकडासारखी आवळली, ते आपण पाहिलंच नाही, कारण तोवर आपण हात धुवायला वळला होता.

मी आपल्याकडे स्वभाव तपासायला आले नव्हते. तो तपासायचा असता तर आपल्या आईने, म्हणजे माझ्या मावशीने, फुकटात तपासून दिला असता. मी आले होते कारण दोन वर्षं मी उभ्याउभ्या पडते आहे. चौकात रस्ता ओलांडताना बसने हॉर्न वाजवला की कमरेपासून पायापर्यंत सगळं एकदम गच्च होतं आणि मी फळीसारखी आडवी होते. पडताना माणूस हात पुढे करतो. माझे हात पुढे येतच नाहीत. समोरचा दात गेला तो असाच. त्या दिवशी एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, "सकाळी सकाळी चढवलीये म्हातारीने." बोलता येत असतं तर मी त्यांना चढवली असती.

आता परिणाम ऐका. आपल्या त्या ओळीच्या जोरावर भाच्याने माझ्यासाठी ज्येष्ठांच्या एका निवासात खोली ठरवली आहे. १ जूनला सकाळी सामान हलवायचं. निवासाला फाटक आहे, फाटकाला पहारेकरी आहे आणि 'एकटीने राहणे हितावह नाही' असं लिहून आलेल्या बाईला त्या फाटकातून एकटीने बाहेर जाता येत नाही. भाचा गुणी आहे. दुष्ट असता तर मी त्याला सरळ केला असता. गुणी माणसाचं काय करायचं ते मला कळत नाही.

तीस वर्षं मी वजनमाप खात्यात निरीक्षक होते. खोटं माप मला वासाने कळतं. आपली ओळ खोटी आहे. ती मागे घ्या.

आपली रुग्ण
(आणि नाइलाजाने मावसबहीण)


२१ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

'महोदय' वाचून मी आधी पाकीट उलटून पाहिलं, चुकून दुसऱ्या कुणाचं तर नाही ना. ताई, मी टिल्लूच आहे अजून. विभागात मला सगळे 'सर' म्हणतात म्हणून तूही म्हणायला हवं असं नाही.

तू रागावलीस. रागाव. पण जरा शांतपणे वाच. डोक्यातलं म्हणजे खोटं, असं मी म्हटलेलं नाही. तुझा त्रास खरा आहे. त्याचं मूळ फक्त स्नायूत किंवा नसांत नाही, एवढंच मी म्हणतो. मेंदूचा, मणक्याचा फोटो स्वच्छ आहे. स्नायूंची सुईची तपासणीही केली. तीही अगदी निर्मळ. तुझ्या वयाच्या बाईचा इतका चांगला आलेख मी क्वचित पाहतो.

आणि वागणं बघ. आमच्या विभागाच्या व्हरांड्यात भिंतीच्या कडेने तू तुरुतुरु चालतेस. त्याच लांब, मोकळ्या व्हरांड्यात मधोमध उभी केली की पाऊल उचलत नाहीस. स्नायूला भिंत कळत नाही, ताई, भीतीला कळते. घरी एकटी असताना जिने चढतेस, रस्त्यात चारचौघांत पडतेस. आणि सगळ्यात मोठी गोष्ट सांगतो. सुईच्या तपासणीआधी आमच्याकडे घाबरलेल्या रुग्णांना एक शांत करणारी गोळी देतात. तुलाही दिली. त्यानंतर तासाभरात तू तोच व्हरांडा मधोमध चालत गेलीस आणि वर सिस्टरला सांगितलंस की तिचं मनगटी घड्याळ मागे आहे. आजार नसांचा असता तर मनाच्या गोळीने गेला असता का?

पाठीचं म्हणशील तर, तुझी पाठ ताठ असण्याची या घराला सवय आहे. कॉन्व्हेंटच्या मदरने डोक्यावर पुस्तक ठेवून चालवलेली पोर तू. आई आम्हाला सांगायची, 'बसा ताईसारखे, नाहीतर उठा इथून.' आमच्या घरात ताठ पाठीला 'कॉन्व्हेंट' म्हणतात, ते विसरलीस?

निवास चांगला आहे. मी स्वतः पाहून आलो. आवाज नाही, रहदारी नाही. तुला बरं वाटेल.

तुझा
टिल्लू


२४ मार्च

टिल्लू,

'महोदय' काढलं. त्या शब्दाचा मान राखावा असं तुझ्या पत्रात काही सापडलं नाही.

ती गोळी मनाची होती हे मला आज कळलं. तुझ्या पत्रातून. त्या दिवशी सिस्टरने कागदी पेल्यात ठेवून पुढे केली आणि म्हणाली, "घ्या आजी, तपासणीआधी सगळ्यांना देतो." मी समजले, पित्ताची असेल. विचारलं तर म्हणाली, "काही नाही हो, हलकीशी आहे." हलकीशी! माझ्या खात्यात 'हलकीशी' म्हणणाऱ्या दुकानदाराचा काटा मी सगळ्यात आधी उचलायची.

आता मी तुला तराजू कसा तपासतात ते सांगते, कारण तू ते कधी शिकलेला दिसत नाहीस. निरीक्षक दुकानात शिरला की पहिलं वाक्य असतं, "हात काढा." तराजूवरचं काही पुसायचं नाही, पारडं हलवायचं नाही, काट्याला तेल द्यायचं नाही. जसा सापडला तसा तपासायचा. दुकानदार फार प्रेमाने म्हणतात, "थांबा बाई, जरा पुसून देतो, धूळ बसलीय." त्या फडक्यात सगळी चोरी जाते. पुसलेला तराजू बरोबर वजन दाखवतो. दाखवणारच. त्यावरून तो काल बरोबर होता असं लिहिणाऱ्या निरीक्षकाला आमच्याकडे घरी बसवत.

तू मला आधी पुसलंस आणि मग तपासलंस. त्या गोळीनंतर माझे पाय कित्येक महिन्यांनी माझे वाटले. आणि त्याच तासात तुझ्या सुया टोचल्या. काय दिसणार होतं? निर्मळ आलेख! तराजू दुरुस्त करून वर शिक्का मारलास, की तराजूला काही झालंच नव्हतं, दुकानदारीण वेडी आहे.

आणखी एक. रोज सकाळी जाग येते तेव्हा पहिली दोन-चार मिनिटं अंग सैल असतं, लोण्यासारखं. मग खाली दूधवाला फाटक आपटतो आणि सगळं परत आवळतं. झोपेत मी घाबरत नसेन म्हणून, असं तू म्हणशील. म्हण. पण मग दूधवाल्यालाही तुझी ती गोळी दे.

राहिली पाठ. मदर मला भेटल्या तेव्हा मी तेरा वर्षांची होते. कमरेत अशी खोबण पडून पोट पुढे आलं ते गेल्या दोन वर्षांत. मदर इतक्या वर्षांनी परत येऊन शिकवून गेल्या असतील तर तसं केसपेपरवर लिही.

तपासणी पुन्हा कर. हात काढून.

ताई


९ एप्रिल

ताई,

उत्तराला उशीर झाला. काही गोष्टी विचारायच्या आहेत. चिडू नकोस, नुसती उत्तरं दे.

हॉर्न वाजला की आधी काय आवळतं, पाय की पाठ? पोट हाताला कसं लागतं, मऊ की फळीसारखं? बुटाची नाडी बांधायला वाकता येतं का? जमिनीवर उताणी झोपलीस तर कमरेखालून मूठ सरकते का, कुणाला तरी पाहायला सांग. नुसत्या स्पर्शाने, पाठीवर थाप मारल्याने वगैरे, असं होतं का? भिंतीला नुसतं एक बोट लावलं तरी चालणं सोपं होतं का? आणि थायरॉइडची गोळी तू घेतेस असं केसपेपरवर आहे, ती कधीपासून?

ती शांत करणारी गोळी त्यानंतर कुणी दिली आहे का? दिली असेल तर घेऊ नकोस. नसेल तर उत्तम.

घाईत आहे.

टिल्लू


११ एप्रिल

टिल्लू,

अडीच आठवडे गप्प बसून तू माझ्या वेडाचा पुरावा गोळा करतो आहेस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. भाचा परवा तुला भेटून गेला ना? तोही हेच विचारत होता, "आत्या, कुणी हात लावला की दचकतेस का गं?" दोघांनी मिळून प्रश्न काढलेले दिसतात. बरं. लपवायला माझ्याकडे काही नाही. घे उत्तरं, आणि त्यातून काय वेड निघतं ते मला कळव.

आधी पाठ, मग पाय. नेहमी याच क्रमाने.

पोटाचं पाहायला खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना बोलावलं. त्यांनी बोट खुपसलं आणि हात मागे घेतला. म्हणाल्या, "अहो, ही तर माझी इस्त्रीची फळी!" मग मला जमिनीवर झोपवलं. मूठच काय, त्यांनी कमरेखालून त्यांची कात्री दामटवली आणि दुसऱ्या बाजूने काढली. म्हणाल्या, "बोगदा आहे हा. यातून गाडी जाईल." आम्ही दोघी हसलो. हसताना मला आवळून आलं. त्या घाबरून "पाणी, पाणी" करत बसल्या.

नाडीचे बूट मी गेल्या वर्षी सोडले. एक बोट भिंतीला पुरतं, तेही नुसतं टेकवलेलं. टेकवायला भिंत नसेल तर शिंपीणबाईंचा पदरही चालतो. थापेचं तुला मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. थाप तुझीच होती. थायरॉइड बारा वर्षं.

गोळी कुणी दिलेली नाही. तुझ्या खात्यातलं काहीही मी आता पत्ता विचारल्याशिवाय गिळत नाही.

इकडची बातमी. भाच्याने रविवारी माझी पुस्तकं खोक्यात भरली. विचारलं, "यातली कुठली लागतील, आत्या?" मी म्हटलं, "सगळी, इथेच." तो म्हणाला, "तिथे वाचनालय आहे गं." मी म्हटलं, "तिथून बाहेर जायला दार आहे का?" तो रडकुंडीला आला. तो बारा वर्षांचा असताना मी त्याला या चौकात सायकल शिकवली. आता त्याला वाटतं, या चौकात मी मरणार. त्याच्या हातात तुझा कागद आहे आणि मी त्या कागदासमोर नुसती एक चिडकी म्हातारी आहे. हे तू करून ठेवलं आहेस. तुझ्या सहीने.

ताई


१३ एप्रिल

ताई,

शुक्रवारी, १९ तारखेला, सकाळी नऊला ये. सुईची तपासणी मी स्वतः करणार आहे. भाच्याला आणू नकोस, शिंपीणबाईंना आण.

कागदी पेल्यातून कुणी काही दिलं तर घेऊ नकोस. मी दिलं तरी.

टिल्लू


२० एप्रिल

टिल्लू,

काल तू काय सापडलं ते न सांगताच निघून गेलास. म्हणून मी पाहिलं ते लिहून ठेवते. मागाहून 'तसं काही नव्हतंच' म्हणायला जागा नको.

तू पाठीत सुई टोचलीस आणि त्या यंत्राने आवाज सुरू केला. दोन स्टेशनांच्या मधे अडकलेला रेडिओ जसा करतो तसा. तू म्हणालास, "सैल सोड, ताई." मी म्हटलं, "सोडलंय." तू म्हणालास, "पूर्ण सोड." मी म्हटलं, "टिल्लू, याहून सोडलं तर मी टेबलावरून वाहून जाईन." यंत्र बडबडतच होतं. तू पडद्याकडे बघत होतास, माझ्याकडे नाही. मग पोटात सुई. तिथेही तेच.

मग तू स्टीलचा ट्रे उचललास आणि मुद्दाम जमिनीवर टाकलास. मी पाहिलं, तुझ्या हातून निसटला नाही, टाकलास. यंत्र किंचाळलं. माझी पाठ कमानीसारखी उचलली गेली. शिंपीणबाई तुझ्या अंगावर धावून आल्या, "अहो, डॉक्टर आहात की भांडी विकता?" तुझे कान लाल झाले होते. लहानपणी दिवा फोडलास तेव्हा झाले होते तसे.

शेवटी तू सिस्टरकडून इंजेक्शन मागवलंस आणि या वेळी मला सांगितलंस, "ताई, ही तीच गोळी, शिरेतून. बघ." मीही बघत होते, तूही. यंत्र हळूहळू खाली आलं आणि गप्प झालं. पूर्ण गप्प. खोलीत इतकी शांतता मी तुझ्याकडे कधी ऐकली नव्हती. माझी पाठ टेबलाला टेकली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तू खुर्चीत बसलास. मग उठलास, माझ्या दंडातून रक्त काढवलंस आणि निघून गेलास.

तुझा तो निर्मळ आलेख आता कुठे गेला, टिल्लू? काय झालंय मला? घाबरायचं असेल तर मी घाबरून घेते, पण मला काय झालंय ते तरी कळू दे. रक्त कुठे पाठवलंस? किती दिवस?

ताई


२५ मे

प्रिय ताई,

रक्ताचा अहवाल काल आला. इथे ती तपासणी होत नाही, बाहेर पाठवावी लागते. म्हणून इतके दिवस लागले. खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. एकदा खात्रीने बोलून बसलो होतो ना.

तुझ्या शरीरात स्नायूंना 'आता पुरे' असं सांगणारी एक यंत्रणा असते. सगळ्यांमध्येच असते. तुझं स्वतःचंच रक्त त्या यंत्रणेवर चालून गेलं आहे. जसं ते पूर्वी तुझ्या थायरॉइडवर चालून गेलं होतं. 'पुरे' म्हणणारं कुणी उरलं नाही की स्नायू आवळतच राहतात, पाठीचे आणि पोटाचे सगळ्यात आधी. आवाज, स्पर्श, भीती, हसू, कशानेही ते उसळतात. झोपेत सुटतात. उघड्या जागेची भीती आजाराबरोबर येते, कारण उघड्यावर पडलेल्या माणसाला ती येणारच. अहवालात चालून जाणारे ते शत्रू, म्हणजे अँटीबॉडीज, इतके सापडले की लॅबने दोनदा मोजून पाहिले. लाखो माणसांत एखाद्याला होतं असं. वर्षानुवर्षं अशा लोकांना, त्यातही बायकांना, मनोरुग्ण म्हणून पाठवलं जातं, हे पुस्तकात लिहिलेलं आहे. मी ते पुस्तक परीक्षेसाठी वाचलं होतं.

आणि ती गोळी. ती मनाची म्हणून आम्ही देतो, पण ती नेमकं तेच 'पुरे' मेंदूत आणि मणक्यात परत सांगते. या आजारावरचं पहिलं औषध तीच आहे. तुझ्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणून मी जे लिहिलं, ते तुझं निदान होतं. तुझं तराजूचं पत्र मी रात्री दोनदा वाचलं आणि मग झोप लागली नाही. मी चुकलो, ताई. मनापासून माफी मागतो.

औषध सोबत लिहून देतो. सावकाश वाढवायचं, मनाने बंद करायचं नाही. आजार मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. बऱ्याच जणांना पुष्कळ फरक पडतो.

आता थोडं व्यवहाराचं. तुझा नवीन केसपेपर मी उघडला आहे, त्यात सगळं नीट लिहिलं आहे. जुन्यात फेरफार केला की चौकशा होतात, विभागावर प्रश्न येतात. तो जुना कागद आता वाचतंय कोण? भाच्याशी मी सवडीने बोलेनच. तपासणीआधीच्या गोळीचं म्हणशील तर तो आमच्याकडे वर्षानुवर्षांचा रिवाज आहे, रुग्ण फार घाबरतात, एका दिवसात बदलत नाही. हळूहळू बघू.

तू मात्र आता निर्धास्त राहा.

तुझा
टिल्लू


२७ मे

टिल्लू,

पत्राचा पहिला भाग मी तीनदा वाचला. पहिल्यांदा रडले, तुला काय सांगायचं. दुसऱ्यांदा शिंपीणबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमचं रक्तच तुमच्याशी भांडतंय. स्वभावावर गेलंय." तिसऱ्यांदा वाचला तो नुसता आनंदाने. वेडी नसण्याचा आनंद किती असतो ते, ज्याला कुणी वेडा म्हटलेलं नाही, त्याला कळायचं नाही.

तुझी माफी मला पोचली. मावसभावाची म्हणून मी ती ठेवून घेतली. ती तुझ्या आईलाही दाखवली असती, ती असती तर. आता विभागप्रमुखाचं उत्तर हवं आहे.

'तो जुना कागद वाचतंय कोण?' मी सांगते कोण. माझा भाचा वाचतो. निवासाचा व्यवस्थापक वाचतो, काल त्याचा फोन आला होता, "आजी, एक तारखेला सकाळी दहाला खोली तयार आहे. डॉक्टरांचं लिहून आलंय आमच्याकडे." मी म्हटलं, "डॉक्टरांचं मत बदललंय." तो गोड आवाजात म्हणाला, "हो हो, आजी." त्या 'हो हो'मध्ये तुझी सही होती. भाच्याला तुझं हे पत्र दाखवलं. तो बिचारा म्हणाला, "आत्या, काका तुला बरं वाटावं म्हणून लिहितात गं. केसपेपर तर तोच आहे ना?" तू तोंडाने कितीही बोल, या घरात तुझी शाई चालते. शनिवारी सकाळी ट्रक येणार आहे, आणि तू सवडीने बोलणार आहेस.

माझ्या खात्यात एखाद्या मापावर चुकीचा शिक्का बसला तर ते माप गुपचूप पेटीत टाकून नवं द्यायचं नसे. ज्याने शिक्का मारला, त्यानेच दुकानात जायचं. गिऱ्हाइकं उभी असताना त्याने स्वतःच्या हाताने तो शिक्का रेघ मारून रद्द करायचा आणि शेजारी सही करायची. मी दोनदा केलं आहे. कान लाल होतात. मरत कुणी नाही.

गोळीच्या रिवाजाचं. 'रुग्ण फार घाबरतात' म्हणून तुम्ही प्रत्येकाला आधी पुसून मग तपासता. माझ्या आधी तुझ्या त्या व्हरांड्यातून किती बायका मधोमध चालत गेल्या असतील, आणि घरी 'डोक्यातलं' घेऊन गेल्या असतील? मला आकडा नको. तो तुलाही माहीत नसणार, तीच तर गंमत आहे. पुसलेल्या तराजूचा दोष कुठेच लिहिलेला सापडत नाही.

आता माझी बातमी. परवा तुझ्या शिपायाने पत्र आणून दिलं, त्याच रात्री गोळी सुरू केली. अर्धी. काल संध्याकाळी मी चौक ओलांडला. शिंपीणबाई पदर धरायला देत होत्या. मी म्हटलं, नको, मागे चाला. रस्त्याच्या मधोमध असताना बसने हॉर्न वाजवला. पाठ आवळली, पाय आवळले. पण पडले नाही, टिल्लू. उभी राहिले. खांबासारखी, हलता येईना, पण उभी. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. दिवा बदलला. चारही बाजूंनी गाड्या थांबल्या. कुणीतरी खिडकीतून ओरडलं, "आजी, चला की!" मी म्हटलं, "स्नायू सुटले की चालेन. तोवर थांबा." आणि अख्खा चौक थांबला, बाबा. हळूहळू पाठ सुटली, मग एक पाय, मग दुसरा. मी चालत पलीकडे गेले. बसजवळून जाताना ड्रायव्हरला सांगितलं की त्याचा हॉर्न ठरलेल्या पट्टीपेक्षा मोठा आहे, मोजून घ्यावा.

तेव्हा मी त्या फाटकाच्या आत राहणार नाही. ते माझं मी बघते. पण एक माणूस तिथे मला हात धरून, रडवेला होऊन घेऊन जाणार आहे. तो माझा भाचा आहे, आणि त्याच्याशी मला भांडायचं नाही. तुझ्याशी भांडायचं आहे. म्हणून आता मागणी.

एक. १२ मार्चच्या केसपेपरवरच्या त्या तिन्ही वाक्यांवर तू स्वतःच्या हाताने रेघ मारायची. फाडायचं नाही, खोडायचं नाही, वाचता येईल अशी रेघ. शेजारी लिहायचं, 'चुकीचे. रुग्णाचा आजार शारीरिक. तपासणीआधी दिलेल्या गोळीमुळे लक्षणे झाकली गेली. रुग्ण एकटीने राहण्यास समर्थ.' आणि सही, तीच, पहिल्यासारखी लांबलचक.

दोन. त्याची एक प्रत भाच्याला आणि एक निवासाच्या व्यवस्थापकाला, तुझ्या पत्रासकट.

तीन. तुझ्या सहीचा लेखी आदेश, की सुईच्या तपासणीआधी कुणालाही गोळी द्यायची नाही, आणि दिली तर काय दिलं ते त्या माणसाच्या तोंडावर सांगायचं. पाटी मी पाठवेन. मजकूर तयार आहे: 'जसा सापडला तसा.'

तिन्ही लेखी हवेत. फोन करू नकोस, मी घेणार नाही. घरी येऊन खुर्चीत बसून 'ताई, अगं' करू नकोस. शिपायाच्या हाती पाठवलंस तरी चालेल. सगळ्यात बरं म्हणजे स्वतः घेऊन ये. चौक ओलांडून ये, गाडी पलीकडे ठेव.

शुक्रवार, ३१ मे, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. उत्तर नाही आलं तर शनिवारी सकाळी ट्रक माझ्या दारात उभा राहील तेव्हा मी पुस्तकांची खोकी त्यात चढवीन, शेजारी बसेन आणि ड्रायव्हरला तुझ्या रुग्णालयाचा पत्ता सांगेन. खोली मला तुझ्या व्हरांड्यात चालेल. मधोमध.

पाच म्हणजे खरे पाच. तुझ्या भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा पाच वाजून चार मिनिटं झालेली असतील. ही चार मिनिटं मी तुला भाऊ म्हणून सोडते आहे. त्यापुढे एकही नाही.

ताई